पुकारा थांबला, की नृत्य जमले!

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील काँट्रा नृत्याला ना रंगमंच असतो, ना तालमी. तासाभरापूर्वी एकमेकांना न ओळखणारी माणसे एका व्यक्तीच्या आवाजावर विसंबून एकत्र नाचू लागतात. या नृत्याची रचना करणारा आणि त्याचा पुकारा करणारा नेमके काय साधतो, याचा हा वेध.

लोकनृत्य म्हटले की, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, रचनाकाराचे नाव हरवलेले आणि बालपणापासून पाहून पाहून अंगात मुरलेले असे काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येते. भोंडल्याचा फेर कोणी बसवला किंवा गरब्यातील टाळीची जागा कोणी ठरवली, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. काँट्रा नृत्य मात्र या समजुतीला छेद देते. तेही लोकनृत्यच आहे. पण आज नाचल्या जाणाऱ्या बहुतेक काँट्रा नृत्यांना स्वतःचे नाव असते आणि त्यांचा रचनाकारही ठाऊक असतो. विशेष म्हणजे, ही रचना आधी शिकून आलेल्यांसाठी केलेली नसते. आज प्रथमच दारातून आत आलेल्या माणसालाही ती दहा मिनिटांत नाचता आली पाहिजे, हीच तिची कसोटी असते.

गावाचे सभागृह, शेतकऱ्यांच्या 'ग्रेंज' संघटनेची जुनी वास्तू किंवा चर्चचा हॉल ही या नृत्याची नेहमीची ठिकाणे. न्यू हॅम्पशायरमधील नेल्सन या छोट्याशा गावाचा टाउन हॉल आणि वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको उद्यानातील १९३३ सालचे 'स्पॅनिश बॉलरूम' ही त्यांपैकी विशेष नावाजलेली स्थळे. संगीत बहुधा प्रत्यक्ष वाजवलेले असते. फिडल, पियानो, गिटार असा आटोपशीर वाद्यमेळ एका टोकाला बसतो आणि त्याच्याशेजारी ध्वनिक्षेपक घेऊन उभा असतो 'कॉलर', म्हणजेच पुकारा करणारा. बऱ्याच ठिकाणी नवख्यांसाठी सुरुवातीला अर्ध्या तासाचे प्राथमिक धडे असतात. त्यानंतरचे सुमारे तीन तास ही सारी मंडळी त्या एका आवाजाच्या हाती असतात. प्रत्येक नृत्यासाठी नवा जोडीदार घ्यायचा, असा इथला प्रघात आहे. त्यामुळे एकट्याने आलेला माणूसही एकटा राहत नाही.

दोन रांगा, चौघांचा चौक

काँट्राची मांडणी समजायला कठीण नाही. नर्तक समोरासमोर दोन लांब रांगांत उभे राहतात. वाद्यवृंदाच्या बाजूचे टोक म्हणजे रांगेचे 'वरचे' टोक. तिथपासून प्रारंभ करून दोन-दोन जोड्या हात धरून चौघांचा एकेक चौक तयार करतात. त्यातील वरच्या बाजूची ती पहिली जोडी आणि खालच्या बाजूची ती दुसरी. आपल्या जोडीत असलेला तो 'जोडीदार' आणि चौकातील समोरच्या जोडीतला, आपल्याच बाजूला उभा असलेला तो 'शेजारी'. एवढी दोन नाती लक्षात राहिली, तरी निम्मे काम झाले.

या चौकात ठरावीक हालचालींचा एक क्रम पार पडतो. क्रम संपतो तेव्हा दोन्ही जोड्यांनी जागांची अदलाबदल केलेली असते. पहिली जोडी एक घर खाली सरकते, दुसरी एक घर वर. आता प्रत्येक जोडीसमोर नवी जोडी उभी ठाकते आणि तोच क्रम त्यांच्यासह पुन्हा सुरू होतो. टोकाला पोहोचलेली जोडी एक फेरी थांबते, आपसांत जागा बदलते आणि उलट दिशेने पुन्हा रांगेत शिरते. अशा रीतीने आठ-दहा मिनिटांच्या एका नृत्यात आपण रांगेतील बऱ्याच जणांबरोबर नाचून जातो. नृत्यशास्त्रात याला 'प्रोग्रेशन' म्हणतात. काँट्राचा सामाजिक प्राण या सरकण्यातच आहे. नवखा माणूस चुकला, तरी अर्ध्या मिनिटाने त्याच्यासमोर नवा शेजारी असतो. आणि तो शेजारी जाणता असेल, तर केवळ हाताच्या इशाऱ्याने त्याला योग्य जागी नेऊन सोडतो.

चौसष्ट मात्रांचे आवर्तन

आपल्याकडील संगीतप्रेमींना आवर्तन आणि सम या कल्पना परिचित आहेत. काँट्राचा हिशेबही त्याच भाषेत मांडता येतो. या नृत्यासाठी वाजवल्या जाणाऱ्या रील किंवा जिग धाटणीच्या धुनेचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. एकेका भागात १६ मात्रा, म्हणजे धून एकदा पूर्ण होते ती ६४ मात्रांत. नृत्याचा क्रमही नेमका ६४ मात्रांचा असतो. मिनिटाला साधारण ११० ते १२० मात्रांची लय धरली, तर एका आवर्तनाला अर्ध्या मिनिटाहून किंचित अधिक वेळ लागतो. बहुतेक हालचाली ८ मात्रांत बसतात, काही ४ मात्रांत, तर काहींना १२ किंवा १६ मात्रा लागतात. संगीताचा भाग बदलतो तिथे हालचालही बदलली पाहिजे, हा संकेत. नर्तकाचे पाऊल जेव्हा धुनेच्या समेवर पडते, तेव्हा त्याला आपण नृत्य 'करत' नसून संगीतच आपल्याला नेत आहे असे वाटते.

या साऱ्यात सर्वांच्या आवडीची हालचाल म्हणजे 'स्विंग'. दोघे एकमेकांना धरून, किंचित मागे झुकून, एकाच बिंदूभोवती वेगाने गिरकी घेतात. दोघांनीही आपला भार थोडा समोरच्याच्या हाती सोपवावा लागतो; एकाने जरी तो राखून ठेवला, तरी गिरकी अडखळते. चक्कर येऊ नये म्हणून समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे, ही नवख्याला मिळणारी पहिली शिकवण. परक्या माणसाच्या डोळ्यांत पाहण्याचा संकोच इथे असा सहजी गळून पडतो.

रचनाकाराची कसोटी

काँट्राच्या हालचालींचा शब्दसंग्रह मर्यादित आहे. गोल फिरणे, चौघांनी मध्ये हात जुळवून 'स्टार' करणे, एका हाताने वळसा घालणे, पाठीला पाठ लावून फिरणारी 'डू-सी-डू', गोफ विणावा तशी चौघांची वळणावळणाची 'हे' अशा दोन-तीन डझन हालचालींतून अक्षरशः हजारो नृत्ये रचली गेली आहेत. मग नव्या रचनेत कसब ते कोणते?

पहिली अट गणिताची. ६४ मात्रा संपताना प्रत्येक जण नेमक्या जागी, नेमक्या बाजूला आणि नेमक्या दिशेला तोंड करून पोहोचला पाहिजे. रचनाकार हे बहुधा कागदावर किंवा टेबलावर मांडलेल्या चार सोंगट्या सरकवून तपासतो. मात्र सोंगट्यांना शरीर नसते, आणि खरी परीक्षा शरीराची आहे. उजव्या हाताने एकाला वळसा घालून झाल्यावर लगेच दुसऱ्याला पुन्हा उजवाच हात द्यावा लागला, तर तो हात वेळेवर सुटत नाही. घड्याळाच्या दिशेने वळसा घालणाऱ्याला त्याच दिशेच्या स्विंगमध्ये सोडले, तर तो पाण्यासारखा वाहत जातो. एका हालचालीचा शेवट हीच दुसरीची सुरुवात वाटावी, या गुणाला तेथील मंडळी 'फ्लो' म्हणतात. उत्तम रचनेत पुढची पायरी मेंदूच्या आधी पायांना कळते.

दुसरी कसोटी स्मरणाची. नृत्याचा क्रम सांगून झाल्यावर तो नर्तकांच्या ध्यानात राहिला पाहिजे. त्यामुळे एका नृत्यात एखादीच आगळी हालचाल ठेवावी आणि बाकी सारे ओळखीचे असावे, हा अनुभवी रचनाकारांचा कटाक्ष असतो. तिसरी कसोटी टोकांची. चौकाबाहेर हात पोहोचवणारी, तिरक्या दिशेने नेणारी रचना मध्यभागी बहारदार वाटते. पण रांगेच्या टोकाला जिथे समोर माणूसच नसतो, तिथे तीच रचना गोंधळ उडवते. आणि चौथी कसोटी न्यायाची: स्विंग कोणाला मिळाला, किती मिळाला, आणि कोण नुसतेच उभे राहिले? या प्रश्नाने गेल्या अर्धशतकात काँट्राचे रूपच पालटून टाकले.

कोण नाचणार, कोण उभे राहणार?

'कोरस जिग', 'मनी मस्क' यांसारख्या जुन्या नृत्यांत पहिली जोडी 'सक्रिय' असे. तीच रांगेच्या मधून खाली जाई, परत येई, कोपऱ्यांतील मंडळींना वळसे घाली आणि शेवटी स्विंग करी. बाकीच्यांनी हात द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायची. गावच्या ओळखीपाळखीच्या मेळाव्यात ही वाट पाहण्याचीही एक गंमत होती; उभ्या उभ्या गप्पा होत. शहरांतून आणि विद्यापीठांतून आलेल्या तरुणांना मात्र सतत नाचायचे होते. १९७० नंतर टेड सॅनेला, टोनी पार्क्स, जीन ह्यूबर्ट प्रभृती रचनाकारांनी दोन्ही जोड्यांना सारखेच काम देणाऱ्या रचना मोठ्या प्रमाणावर आणल्या. सॅनेला यांचे 'बॅलन्स अँड स्विंग' हे पुस्तक १९८२ साली, तर लॅरी जेनिंग्ज यांचा 'झेस्टी काँट्राज' हा संग्रह १९८३ साली प्रसिद्ध झाला. आता जोडीदाराबरोबर एक आणि शेजाऱ्याबरोबर एक स्विंग हा जवळपास अलिखित नियम होऊन बसला आहे.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. सर्वांना सारखे काम देण्याच्या नादात नृत्ये एकमेकांसारखी होऊ लागली, जुन्या नृत्यांचे स्वतःच्या खास धुनेशी असलेले नाते सुटले, ही तक्रार जाणकार अजूनही करतात. ती निराधार नाही. म्हणूनच आजही अनेक कॉलर कार्यक्रमात एखादे जुने नृत्य आवर्जून ठेवतात.

न्यायाचा हाच प्रश्न पुढे शब्दांपर्यंत पोहोचला. काँट्रात जोडीतील दोघांच्या भूमिका वेगवेगळ्या असतात. स्विंग संपताना एक जण डावीकडे थांबतो, दुसरा उजवीकडे. परंपरेने या भूमिकांना 'जेंट्स' आणि 'लेडीज' म्हटले जाई. प्रत्यक्षात दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष जोडीने नाचत, स्त्रिया पुरुषांची भूमिका घेत, आणि पुकारा मात्र जुनाच राही. गेल्या काही वर्षांत अनेक नृत्यमंडळांनी 'लार्क्स' आणि 'रॉबिन्स' ही पक्ष्यांची नावे स्वीकारली. इंग्रजी आद्याक्षरांमुळे लार्क डावा आणि रॉबिन उजवा, हे सहज लक्षात राहते. एकमेकांभोवती नजरेला नजर देत फिरण्याच्या एका हालचालीचे 'जिप्सी' हे नावही रोमा समाजाला अवमानकारक वाटणारे म्हणून अनेक ठिकाणी बदलले गेले. या बदलांवर वाद झाले, काही जुने नर्तक दुरावलेही. काही मंडळे अजून जुन्याच संज्ञा वापरतात, तर काही कॉलर भूमिकेचे नावच न घेता केवळ जागेवरून सूचना देतात. नृत्य तेच, पायही तेच. पण पुकाऱ्यातला शब्द कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, याचे भान आता कॉलरला ठेवावे लागते.

आवाजाचे वेळापत्रक

कॉलरचे काम दोन टप्प्यांत चालते. प्रथम तो संगीताविना संपूर्ण क्रम एकदा, क्वचित दोनदा, चालवून घेतो. इथे शब्दांची उधळपट्टी घातक ठरते. लांबलचक स्पष्टीकरण सुरू झाले की रांगेत कुजबुज सुरू होते आणि ऐकणे संपते. म्हणून कुशल कॉलर कमीत कमी शब्दांत, पण ठरावीक क्रमाने बोलतो: आधी कोणी, मग कोणत्या हाताने, मग काय आणि शेवटी किती. 'शेजाऱ्याला, उजव्या हाताने, वळसा, एक वेळा' असे ऐकताच माणूस आधी शेजाऱ्याकडे वळतो, मग हात पुढे करतो. क्रम उलटा झाला, तर काय करायचे हे कळूनही कोणाबरोबर करायचे या संभ्रमात दोन मात्रा निघून जातात.

मग वाद्यवृंद चार ठोक्यांची सुरुवात देतो आणि खरी परीक्षा सुरू होते. पुकारा हालचालीच्या बरोबर देऊन चालत नाही. तो तिच्या आधी, चालू हालचालीच्या अखेरच्या दोन ते चार मात्रांत पूर्ण व्हावा लागतो. 'गोल फिरा' हे शब्द संपावेत आणि पुढच्याच मात्रेवर पाय उचलले जावेत. उशीर झाला तर सारी रांग संगीतामागे फरफटते. फार लवकर झाला तर उतावळे नर्तक चालू हालचाल अर्धवट सोडतात. म्हणजे डोळ्यांना दिसणारे नृत्य आणि तोंडून निघणारा शब्द यांत नेहमीच एका पावलाचे अंतर असते. कान संगीतावर, डोळे रांगेवर आणि मन पुढच्या हालचालीवर, अशी ही तिहेरी कसरत आहे.

काही आवर्तनांनंतर नृत्य अंगवळणी पडू लागते. तेव्हा कॉलर शब्द कमी करतो. पूर्ण वाक्याऐवजी एखादाच शब्द, मग केवळ अवघड जागी इशारा, आणि अखेर पूर्ण शांतता. आता सभागृहात उरते ती फक्त धून आणि लाकडी जमिनीवर पडणाऱ्या पावलांचा एकसंध आवाज. कॉलर मात्र निवांत होत नाही. कुठे चौक विस्कटला तर तो पुन्हा बोलतो, आणि शेवट जवळ आला की वाद्यवृंदाला बोटांनी खूण करून उरलेली आवर्तने सांगतो. संध्याकाळचा क्रमही त्यालाच आखायचा असतो. पत्त्यांसारख्या छोट्या कार्डांवर लिहिलेल्या नृत्यांतून तो निवड करतो. आरंभी सोपी, मग एकेका नव्या हालचालीची ओळख करून देणारी, थकवा जाणवू लागला की पुन्हा सौम्य. मध्यंतरापूर्वी आणि समारोपाला वॉल्ट्झ. नृत्याबरोबर त्याच्या रचनाकाराचे नाव सांगणे हेही शिष्टाचाराचा भाग मानले जाते.

लंडन ते न्यू हॅम्पशायर

या परंपरेचा माग १७ व्या शतकातील इंग्लंडपर्यंत जातो. जॉन प्लेफोर्ड यांनी १६५१ साली लंडनमध्ये 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात १०५ नृत्ये व त्यांच्या धुना होत्या. इंग्रजांचे 'कंट्री डान्स' फ्रान्समध्ये गेले आणि तिथे 'काँत्रदाँस' झाले. 'काँट्रा' हे नाव त्याचाच अवशेष. अटलांटिक ओलांडून हे नृत्य अमेरिकी वसाहतींत रुजले. १९ व्या शतकात क्वाड्रिल, वॉल्ट्झ, पोल्का यांच्या लाटेत शहरांतून ते मागे पडले, तरी न्यू इंग्लंडच्या खेड्यांनी ते जपले.

इंग्लंडमधील जुन्या प्रथेनुसार नृत्य आधी शिकून यावे लागे. नाचता नाचता सूचना देण्याची पद्धत ही अमेरिकेची देणगी. फिल जेमिसन यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची मुळे कृष्णवर्णीय वादकांपर्यंत नेऊन भिडवली आहेत. नृत्यशिक्षकाकडे जाण्याची सोय नसलेल्यांसाठी फिडल वाजवता वाजवताच सूचना देणारे हे वादक आद्य कॉलर ठरतात. आज बहुतांशी गोऱ्यांचे समजल्या जाणाऱ्या या मेळाव्यांना हा इतिहास अंतर्मुख करणारा आहे.

विसाव्या शतकात न्यू हॅम्पशायरचे राल्फ पेज (१९०३-१९८५) यांनी पुकारा, लेखन आणि 'नॉर्दर्न जंकेट' या नियतकालिकाद्वारे ही परंपरा तगवली. १९६० च्या दशकात डडली लॉफमन यांच्याभोवती तरुणांचा मोठा मेळा जमला आणि तिथून काँट्रा देशभर पसरले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने हे मेळावे ठप्प केले. हातात हात घेऊन दर अर्ध्या मिनिटाला नवा माणूस भेटणे, हेच ज्या नृत्याचे बळ, तेच तेव्हा भयाचे कारण ठरले. २०२१-२२ पासून सभागृहे हळूहळू पुन्हा उघडली. अनेक ठिकाणी मुखपट्टीच्या अटीसह. दीर्घ खंडानंतर परतलेल्या मंडळांना पुन्हा नवख्यांची गरज होती, आणि नवख्यांना आत घेण्याचे तंत्र तर या नृत्यात मुळातच होते.

व्यासपीठावरील नृत्यदिग्दर्शकाला निवडक, तयारीचे नर्तक मिळतात. काँट्राच्या रचनाकाराला मिळतात ते दिवसभराच्या कामाने दमलेले, डावे-उजवे विसरणारे, कधी लाजणारे साधे नागरिक. त्यांच्यातील सर्वांत अडखळणारा माणूसही शेवटच्या आवर्तनापर्यंत हसत पोहोचावा, असा क्रम त्याने रचायचा आणि कॉलरने योग्य क्षणी गप्प व्हायचे. अनोळखी माणसांनी एकत्र येऊन काही करण्याच्या जागा शहरांतून आक्रसत असताना, हे साधे वाटणारे कसब मोलाचे ठरते.

चौकट
असे असते एक आवर्तन

नमुन्यादाखल अगदी सोप्या काँट्राचा हा ६४ मात्रांचा क्रम:
* पहिल्या १६ मात्रा: शेजाऱ्याचे हात धरून पुढे-मागे झोका (४), मग शेजाऱ्याबरोबर स्विंग (१२).
* दुसऱ्या १६ मात्रा: दोन्ही लांब रांगा पुढे येऊन मागे जातात (८), उजवीकडच्या दोघी मध्ये उजवा हात देत पलीकडे जातात आणि तिथला जोडीदार त्यांना वळवून घेतो (८).
* तिसऱ्या १६ मात्रा: जोडीदाराबरोबर झोका (४) आणि स्विंग (१२).
* चौथ्या १६ मात्रा: चौघांनी हात धरून डावीकडे पाऊण फेरा (८), रिंगणातच झोका (४), हात सोडून समोरच्या शेजाऱ्याच्या उजव्या खांद्याजवळून पुढे निघायचे (४).
समोर नवा शेजारी उभा असतो. धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली असते.